बसायचं वर्ष

४ जानेवारी

वार्षिक सभा झाली एकदाची. सात सभासद, सात खुर्च्या आणि बिस्किटांचा एक पुडा. तो पुडा अध्यक्षांनी जवळजवळ एकट्यानेच संपवला. आमचे अध्यक्ष दंतवैद्य आहेत. दिवसभर लोकांना गोड खाऊ नका म्हणून दटावायचं आणि संध्याकाळी संस्थेत येऊन सगळी कसर भरून काढायची, असा त्यांचा परिपाठ.

पुढच्या तीन वर्षांचा आराखडा दहा मिनिटांत ठरला, कारण ठरवण्यासारखं काही नव्हतंच. माझ्या भाचीचं नवं नाटक. हे वर्ष बसायचं, पुढचं वर्ष उभं राहायचं, त्याच्या पुढच्या वर्षी पडदा वर. यांनी संस्था काढली तेव्हापासूनची ही रीत. पहिलं वर्षभर नटांनी टेबलाभोवती बसून फक्त वाचायचं. कुणी उत्साहाच्या भरात उठून हातवारे करायला लागला की हे म्हणायचे, "खुर्ची तापली नाही अजून. बस." आणि नाटक उभं राहीपर्यंत बाहेर ताकास तूर लागू द्यायची नाही.

यांना जाऊन तीन वर्षं झाली. ते गेल्यावर कार्यवाहपद माझ्या गळ्यात पडलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म काढलेली बाई मी, मला नाटकातलं काय कळतंय? पण चाललंय.

सभा संपता संपता दंतवैद्यांनी खिशातून फोन काढला. "वहिनी, संस्थेचं पेज उघडून वर्ष झालं. सत्तेचाळीस फॉलोअर आहेत, त्यात माझी बायको दोनदा. आता दोन वर्षं नाटक गुपित ठेवायचं तर पेजवर टाकायचं काय? उपाशी मरेल ते."

मी म्हटलं, "पेज म्हणजे काय मांजर आहे, उपाशी मरायला?"

सगळे हसले, आणि हसता हसता ते मांजर माझ्याच पदरात टाकून मोकळे झाले. जो जास्त बोलेल त्याला काम लावायचं, ही आमची दुसरी रीत.

१२ जानेवारी

आज वाचनाला जाऊन बसले. भाची दिवसभर दवाखान्यात एक्स-रे काढते आणि तिथून थेट हॉलवर येते. अकरा जण टेबलाभोवती. पूर्ण दोन तास एकच पान. नाटक एका कारखान्याचं आहे. भोंगा बंद होतो आणि गावाला उठावं कधी, जेवावं कधी तेच कळेनासं होतं. हे बाहेर बोलायचं नाही, पण इथे लिहायला हरकत नाही.

कापडदुकानात काम करणारा एक जण आहे, त्याला सगळे कापडवाला म्हणतात. काय आवाज आहे! पण एका वाक्यावर अडून बसला होता. भाचीने त्याला सोडवलं नाही, नुसती बघत राहिली. अगदी यांच्यासारखी. मला झोप येत होती, तरी उठवेना.

२१ जानेवारी

पेजला काय घालावं म्हणून संस्थेचं कपाट उघडलं. फोटोंचे गठ्ठेच्या गठ्ठे. एका फोटोत हे रंगपटात बसलेत, अर्धी मिशी लागलेली, अर्धी हातात. तेव्हा मिशीचा डिंक इतका जहाल असायचा की प्रयोगानंतर गरम पाण्याचा फडका लावून मीच ती सोडवायचे आणि हे ओरडायचे. बाहेरच्यांना वाटायचं नवराबायकोचं भांडण चाललंय.

तेच चार ओळीत लिहून टाकलं. संध्याकाळपर्यंत तीनशे लाइक! दंतवैद्यांचा फोन, "वहिनी, तुम्ही तर लेखिका निघालात." मला हरभऱ्याच्या झाडावर चढवणं फार सोपं आहे, हे यांनाही ठाऊक होतं.

भाचीचा फोन येऊन गेला. उद्या करीन.

९ फेब्रुवारी

आता रोज एक फोटो टाकते. मला त्याचं काही कौतुक नाही, संस्थेचं काम म्हणून करते. लोक मात्र काय काय लिहितात! कुणी लिहितं, "आम्ही दोघं लग्नाआधी या हॉलमध्ये चोरून भेटायचो." कुणी लिहितं, "मधल्या सुट्टीतला तो चहा अजून आठवतो." तो चहा भयंकर असायचा. मीच करायचे. पण वीस-पंचवीस वर्षं मुरला की चहासुद्धा गोड होतो बहुतेक.

एका मुलीने लिहिलंय, "किती देखणे होते हो तुमचे यजमान." वाचून मी चक्क लाजले. या वयात!

प्रत्येकाला उत्तर देते. एक्स्चेंजची शिस्त आहे, लाइन ताटकळत ठेवायची नाही. सकाळचा चहा त्यात निवतो, तो भाग वेगळा.

भाचीचे दोन फोन. वाचनाबद्दल काहीतरी विचारायचं होतं म्हणे. तिला म्हटलं, तूच ठरव, तू काय कुक्कुलं बाळ आहेस?

१४ मार्च

आज आनंदाने काही सुचत नाहीये.

यांच्या घड्याळजीच्या नाटकाची एकच चित्रफीत आहे. कुणाच्या तरी मेहुण्याने काढलेली, आणि पहिला अंक संपायच्या आतच फीत संपलेली. आमचे प्रकाशयोजनाकार, ज्यांना सगळी संस्था लाडाने अंधार म्हणते, त्यांनी ती कुठूनशी फोनवर चढवून आणली. त्यातली यांची एन्ट्री मी परवा पेजवर टाकली. हे प्रेक्षकांतूनच उठतात, शेजारच्याला वेळ विचारतात, त्याचं मनगट धरून घड्याळाचे काटे फिरवतात आणि म्हणतात, "आता बरोबर चुकलं." बस्स, एवढंच. दोन मिनिटं.

दोन लाख लोकांनी बघितलं! दोन लाख! हे आयुष्यभर एकशेवीस खुर्च्यांच्या हॉलमध्ये खेळले, त्यातल्या वीस नेहमी रिकाम्या. आणि आता परक्या देशांतले लोक "आता बरोबर चुकलं" म्हणताहेत. पोरं म्हणे एकमेकांना तसं म्हणून चिडवतात.

मी ती दोन मिनिटं पुन्हा पुन्हा बघितली. आवाज थोडा घोगरा आलाय. यांना त्या आठवड्यात सर्दी होती. आल्याचा रस देत होते मी.

२ एप्रिल

दंतवैद्यांच्या सांगण्यावरून पेजवर प्रश्न टाकला: आमचं कोणतं जुनं नाटक पुन्हा बघायला आवडेल? सहज, गंमत म्हणून. चार हजारांवर माणसांनी घड्याळजीला मत दिलं.

आज तातडीची सभा. आमच्याकडे गेली कित्येक वर्षं हात वर करून ठरतं. सात हात, त्यातला एक अंधारचा, तो बहुधा अर्धवटच वर असतो. आज दंतवैद्य उभे राहून म्हणाले, "चार हजार हात वर आहेत. आपण सात जण कोण आडवे येणारे?" आणि ठराव लिहिला गेला: चार हजार एकशे विरुद्ध शून्य, बहुमताने मंजूर. घड्याळजी अडीच महिन्यांत करायचं. हॉल रोज संध्याकाळी तालमीला. यांची भूमिका दंतवैद्य करणार.

भाचीने आपली संहिता पिशवीत घातली. आराखड्याचं काय, असं फक्त अंधारने विचारलं. दंतवैद्य म्हणाले, "आराखडा काय पळून जातोय? लोकांचं प्रेम आज आहे, उद्या नाही." ते मला पटलं.

यांची भूमिका आणि दंतवैद्य, हे मात्र घशाखाली उतरायला थोडं जड गेलं. पण नाटक पुन्हा उभं राहतंय, ते काय कमी आहे?

६ मे

भाची घरी आली होती. चहा घेतला नाही.

"हॉल रोज तुम्हाला. मग आम्ही बसायचं कुठे?"

"रंगपटात बसा की. थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे."

"अकरा माणसं रंगपटात? आरशातली धरून बावीस होतील, मावशी."

मी हसले. ती हसली नाही. तिच्या वाचनातले दोघे गळालेत म्हणे. पेजवर दंतवैद्य रोज तालमीचे तुकडे टाकतात, त्यात दिसायला मिळतं, म्हणून ते घड्याळजीत गेले. कापडवालाही विचारात आहे. वर्षभर नुसतं बसायचं, कुणाला सांगायचं नाही, कुणाला दिसायचं नाही. शेजारच्या खोलीत मात्र रोज हजार लाइक. "त्यांना तरी काय बोलू?" म्हणाली.

मग म्हणाली, "काका असते तर त्यांनी हे नाटक पुन्हा काढलं असतं?"

मी म्हटलं, "काका नाहीत म्हणूनच काढायचं."

"लोक आज आठवण काढतात, कारण तेव्हा तुम्ही काहीतरी नवीन करत होतात. वीस वर्षांनी आठवावं असं आपण आत्ता काय करतोय?"

तरुण माणसांना मोठमोठी वाक्यं बोलायची हौस असते. नाटकात राहून सवयच लागते. तिचं नाटक कुठे जात नाही. सहा महिने इकडे की तिकडे. दारापर्यंत सोडायला गेले तेवढ्यात फोन वाजला, कुणीतरी यांचा सैनिकाच्या वेषातला फोटो मागत होतं. बघते म्हणून आत आले, तोवर ती जिना उतरून गेली होती.

१९ मे

तालीम बघितली. दंतवैद्य एन्ट्री हुबेहूब करतात. मान वळवणं, मनगट धरणं, सगळं. चित्रफितीतला घोगरा आवाजसुद्धा काढतात. मी म्हटलं, डॉक्टर, ती सर्दी होती हो त्यांना. ते म्हणाले, "वहिनी, लोकांच्या कानात तोच आवाज बसलाय. आता बदलता येणार नाही."

बाकीचं नाटक कसं बसतंय विचारलं, तर म्हणाले बसतंय.

भाचीचं वाचन आता तिच्या स्वयंपाकघरात चालतं म्हणे. अंधारने सांगितलं. याला बरं सगळं माहीत असतं!

१६ जून

काल प्रयोग झाला. आज दुपारी उठून लिहायला बसलेय. काल हातात पेन धरवलं नसतं.

हॉल भरला. इतका भरला की मागे माणसं उभी. कित्येक वर्षांत असं दृश्य बघितलं नव्हतं, माझे डोळे भरून आले. दंतवैद्य प्रेक्षकांतून उठायच्या आधीच टाळ्या सुरू झाल्या. ते उठले तसे सगळे फोन वर गेले. "आता बरोबर चुकलं" हे वाक्य ते म्हणालेच नाहीत, प्रेक्षकांनीच म्हटलं. अख्ख्या हॉलने, एका सुरात. मीसुद्धा म्हटलं. माझाही फोन वर होता, खोटं कशाला सांगू.

मध्यंतरात लोक उठले आणि गेले.

चहाला नव्हे, घरी. जिन्यात एकमेकांना दाखवत होते, तुझं नीट आलंय का, माझ्यात पुढचा माणूस आलाय. एका बाईंनी माझे हात हातात घेतले, "फार छान वाटलं, जुने दिवस आठवले," म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या. मी म्हटलं, अहो, दुसरा अंक आहे अजून. त्या म्हणाल्या, "अय्या, आहे का?"

दुसऱ्या अंकाला तीसेक माणसं असतील.

आणि खरं नाटक दुसऱ्या अंकातच होतं. घड्याळजीचं दुकान उठतं, सगळे आपापली घड्याळं घेऊन जातात आणि तो एकटा उरतो. स्वतःचं घड्याळ काढतो, किल्ली देतो, कानाला लावतो आणि बसून राहतो. काही बोलत नाही. हे किती वेळ बसायचे कुणास ठाऊक. हॉलमध्ये कुणी खोकायचं नाही. मी एक्स्चेंजची पाळी संपवून, दमलेले पाय ओढत, शेवटच्या रांगेमागे येऊन उभी राहायचे, ती त्या एवढ्यासाठी. लेखकाने तिथे एक लांबलचक भाषण लिहिलं होतं. बसायच्या वर्षात ते वाचता वाचता हे एकदा गप्प झाले, आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग भाषण काढून टाकलं. ती शांतता सापडायला यांना आठ महिने टेबलाशी बसावं लागलं होतं. मी टेबलावर चहा ठेवायला गेले होते तेव्हा, म्हणून मला माहीत. ती कुठल्याच फितीत नाही.

काल दंतवैद्यांनी घड्याळ कानाला लावलं आणि लगेच दुसऱ्या पात्राला हाक मारली. नंतर विचारलं तर म्हणाले, "गप्प बसलो असतो तर लोकांना वाटलं असतं ओळ विसरलो." त्यांची काय चूक? त्यांना अडीच महिने दिले होते. आणि हातात दिली होती दोन मिनिटं. ती मीच दिली होती.

इतके महिने मला वाटत होतं की दोन लाख लोक यांना ओळखायला लागलेत. एकानेही यांना बघितलेलं नाही.

१८ जून

रात्रीपासून पेजवर नऊशे नवे लोक. सगळ्यांना उत्तरं द्यायची राहिलीत. आज दिली नाहीत. फोन कपड्यांच्या कपाटात ठेवून दिला आणि दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं. तीनदा कपाट उघडलं. चौथ्यांदा स्वतःचीच लाज वाटली.

११ जुलै

पुन्हा सभा. दंतवैद्यांनी नवा आराखडा आणला होता, रंगीत कागदावर छापून. पहिल्या वर्षी घड्याळजीचा दौरा. दुसऱ्या वर्षी, मतदानात दुसरं आलेलं जुनं नाटक. तिसऱ्या वर्षी, तिसरं आलेलं. शिवाय दर आठवड्याला आठवणींचा एक तुकडा, "वहिनींच्या शब्दांत". भाचीच्या नाटकाचं कागदावर नावनिशाण नव्हतं. भाची आलीच नव्हती. राजीनामा पाठवलाय म्हणे, माझ्याच नावाने, पेजच्या इनबॉक्समध्ये. तिथले हजार निरोप वाचले मी, तिचा तेवढा वाचला नाही.

उठून बोलले. म्हटलं, हॉलची सोय लावणं कार्यवाहाच्या अखत्यारीत आहे. दौरा नाही. जुनं नाटक नाही. हॉल दोन वर्षं भाचीला द्यायचा. पेजवर तोवर काही टाकायचं नाही.

दंतवैद्य लाल झाले. "वहिनी, तीस हजार माणसं जोडलीत आपण! दोन वर्षं गप्प बसलो तर लोक विसरतील आपल्याला!"

"विसरू देत."

"आणि त्यांना? त्यांनाही विसरू देत?"

हे त्यांनी बोलायला नको होतं. पण मनात होतं ते बोलले, बरंच झालं. मी म्हटलं, "डॉक्टर, त्यांना लक्षात ठेवायला मी आहे. संस्था त्यासाठी काढली नव्हती त्यांनी."

मग म्हटलं, हात वर करा. इथे बसलेले हात. भाची नाही म्हणजे सहाच. माझा, जाहिरातीची चित्रं काढणाऱ्या बाईंचा, आणि अंधारचा, आज पूर्ण वर. पलीकडे दंतवैद्यांचा आणि खजिनदारांचा. सहाव्या सभासदांना ऐकू कमी येतं, त्यांनी दोन्ही वेळेला हात वर केला, ते धरले नाहीत. तीन विरुद्ध दोन.

दंतवैद्यांनी बिस्किटाला हात लावला नाही. जाताना म्हणाले, "दाढ ओळखण्यात माझी चूक कधी होत नाही, वहिनी. तुम्ही चांगली दाढ उपटलीत." माझ्या यांचा तीस वर्षांचा मित्र. जिन्यात त्यांच्या पावलांचा आवाज संपेपर्यंत मी तिथेच उभी होते.

२० जुलै

भाचीकडे गेले. दार तिनेच उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. मग म्हणाली.

स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती पाच खुर्च्या. अकराचे पाच राहिलेत. कापडवालाही गेला. आता "आता बरोबर चुकलं" वाल्या आवाजात दुकानाच्या जाहिराती करतो.

मी हॉलचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि भांडी विसळायला लागली.

"मावशी, मी तुला किती फोन केले होते गं."

"हो."

"तुला विचारायचं होतं, काका गप्प बसायचे तेव्हा त्यांच्या डोक्यात काय चालायचं. माझ्या नाटकात एक जागा तशी आहे. आम्ही तिथे अडलो होतो. तुझ्याशिवाय कुणाला विचारणार? तुझ्याशिवाय त्या खोलीत होतं कोण?"

तिच्या हातातली भांडी घेऊन पुसत राहिले. शेवटचं ताट माझ्याकडे देत ती म्हणाली, "नुसता हॉल देऊन भागणार नाही. नवी माणसं आली तर पहिल्या पानापासून परत बसावं लागेल. वर्ष पुन्हा सुरुवातीपासून. पडदा उघडायला आणखी वेळ लागेल."

"लागू दे."

"तू तोवर..." म्हणाली आणि थांबली. माझं वय तिला माझ्याइतकंच पाठ आहे.

"मला घाई नाही," मी म्हटलं. घाई आहे. पण ते तिला कशाला सांगा.

३ सप्टेंबर

पेजवरून चार हजार माणसं गळाली, असं खजिनदार मुद्दाम फोन करून सांगतात. दंतवैद्य सभेला येत नाहीत. त्यांच्या दवाखान्यासमोरून जाताना मी रस्ता बदलायचे, आज बदलला नाही. काचेतून दिसले. हात हलवला. त्यांच्या हातात कुणाचा तरी जबडा होता, म्हणून त्यांनी हलवला नाही, अशी मी माझी समजूत घातली.

नव्या दोन मुली आल्यात. एक बसवाहक आहे, एक मुलांना पोहायला शिकवते. दोघींनीही घड्याळजीचं नाव ऐकलेलं नाही.

२६ सप्टेंबर

आज हॉलमध्ये दिवसभर वाचन. सुट्टीचा वार होता म्हणून सकाळीच बसलो. एका म्हाताऱ्या घरमालकिणीची भूमिका करायला कुणी नाही, ती भाचीने माझ्यापुढे सरकवली. मी म्हटलं, मला काय येतं? ती म्हणाली, "वाचता येतं ना?"

घरमालकिणीचं एक वाक्य आहे: "भोंगा होता तेव्हा मी त्याला शिव्या द्यायचे." एवढंच. साधं सोपं. सकाळभर ते मला जमेना. एकदा रडकं व्हायचं, एकदा भाषण व्हायचं. भाची म्हणाली, "मावशी, गाऊ नकोस. वाच." सगळे हसले. मला राग आला. जेवताना मनातल्या मनात तेच घोळवत होते, ताटात काय होतं आठवत नाही. दुपारी बसवाहक मुलीने आपल्या वाक्याने मला मध्येच तोडलं, आणि चिडून मी जे बोलले ते एकदम बरोबर आलं. मग भाची हळूच म्हणाली, "हं. पुढे." पुढे चार पानं झाली. वाचता वाचता मी कधी उठून उभी राहिले मला कळलंच नाही. भाचीने नुसतं खुर्चीकडे बोट दाखवलं. बसले. कंबर मोडली आहे, पण उद्या परत जायचंय. घरमालकीण भोंग्याला शिव्या का द्यायची, ते अजून मला कळलेलं नाही.

घरी आले, वरणभात लावला, दिवा लावला आणि हे लिहायला बसले. इथपर्यंत लिहिल्यावर लक्षात आलं की आज सकाळपासून यांची आठवण आली नाही. एकदाही नाही. यांच्या हॉलमध्ये, यांच्या टेबलाशी अख्खा दिवस बसून आले, आणि आठवण आली नाही.

मग मात्र आली. इतकी आली की शेवटी पेन खाली ठेवून रडून घेतलं.